जीवाणूंमधील डीएनए प्रतिकृतीची विकरे : जनुकशास्त्रीय संशोधनाचा इतिहास आणि महाराष्ट्रातील औषधरोधी क्षयरोग

सारांश

जीवाणूच्या पेशीत डीएनएची प्रतिकृती तयार करणाऱ्या विकरांचा शोध १९५६ नंतरच्या दोन दशकांत टप्प्याटप्प्याने लागला. एखादे विकर परखनळीत डीएनए तयार करते, एवढ्यावरून पेशीतही ते हेच काम करते असे म्हणता येत नाही. त्याचा निवाडा त्या विकराचे जनुक बिघडलेल्या उत्परिवर्ती जीवाणूकडूनच मिळतो, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे. प्रस्तुत लेखात पॉलिमरेज-एक, पॉलिमरेज-तीन आणि जायरेज या तीन विकरांच्या आधारे हे सूत्र मांडले असून मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कार्याची नोंद घेतली आहे. जायरेजच्या जनुकातील उत्परिवर्तने आज क्षयरोग्याच्या तपासणी अहवालात वाचली जातात. प्रयोगशाळेतील उत्परिवर्ती जीवाणू रुग्णाच्या फुप्फुसात कसा आला, याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

बीजसंज्ञा : डीएनए प्रतिकृती, विकर, उत्परिवर्तन, जायरेज, नॅलिडिक्सिक आम्ल, क्षयरोग, औषधरोध.

१. प्रस्तावना

आपल्या महाविद्यालयांतून डीएनएच्या प्रतिकृतीचा भाग शिकविला जातो तो बहुधा एका तयार आकृतीच्या रूपात. दुहेरी सर्पिल उलगडते, एक विकर गाठी सोडविते, दुसरे धागे वेगळे करते, तिसरे नव्या धाग्याची जुळणी करते. ही आकृती अचूक आहे. परंतु ती कशी सिद्ध झाली हे तिच्यावरून कळत नाही. पेशीत हजारो प्रकारची प्रथिने असतात. त्यांपैकी अमुक एका प्रथिनाकडेच अमुक काम आहे हे कोणी आणि कशावरून ठरविले, हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि विज्ञानाच्या पद्धतीचाही आहे.

या प्रश्नाला व्यावहारिक बाजूही आहे. क्षयरोग आणि विषमज्वर या दोन्ही रोगांच्या उपचारात गेली अनेक वर्षे वापरली जाणारी फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधे जीवाणूच्या प्रतिकृतीशी निगडित असलेल्या एका विकरावर, म्हणजे जायरेजवर, काम करतात. औषध लागू पडेल की नाही हे त्या विकराच्या जनुकातील एखाद्या अक्षरावर अवलंबून असते. त्यामुळे या विकरांचा जनुकीय इतिहास हा केवळ सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापकांचा विषय राहत नाही.

विज्ञानेतर विद्याशाखांतील वाचकांसाठी दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. विकर, म्हणजेच एन्झाइम, हे पेशीतील एखादी रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन होय. जनुक म्हणजे ते प्रथिन कसे बांधावे याची डीएनएमध्ये लिहिलेली सूचना. सूचनेत बदल झाला की त्यास उत्परिवर्तन म्हणतात आणि असा बदल धारण करणारा जीवाणू हा उत्परिवर्ती जीवाणू होय.

२. विकर हाती आले, जनुक अज्ञात राहिले (१९५६ ते १९६९)

१९५३ मध्ये वॉटसन व क्रिक यांनी डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडली. १९५८ मध्ये मेसेल्सन व स्टाल यांनी ई. कोलाय या जीवाणूत प्रत्येक नव्या रेणूत एक धागा जुना व एक नवा असतो हे दाखविले. १९६३ मध्ये जॉन केर्न्स यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या डीएनएची छायाचित्रे घेऊन ई. कोलायचे गुणसूत्र वर्तुळाकार असल्याचे व त्याची प्रतिकृती होत असताना ते कसे दिसते हे प्रत्यक्ष दाखविले. प्रतिकृती कशी दिसते हे अशा रीतीने समजू लागले होते. ती कोण करते हा प्रश्न मात्र वेगळा होता.

सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात आर्थर कॉर्नबर्ग यांनी या प्रश्नाकडे रसायनशास्त्रज्ञाच्या दृष्टीने पाहिले. ई. कोलायच्या पेशी फोडून त्यांच्या अर्कातून त्यांनी डीएनएची जुळणी करणारे विकर वेगळे केले. या कामाचे पहिले यश १९५६ च्या सुमाराचे असून सविस्तर निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५९ मध्ये त्यांना सेव्हेरो ओचोआ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. हे विकर साचा म्हणून दिलेल्या धाग्यानुसार नवा धागा विणत असे. १९६७ मध्ये या विकराच्या साहाय्याने एका विषाणूचे संसर्गक्षम डीएनए परखनळीत तयार करण्यात आले, तेव्हा पेशीतील प्रतिकृती हेच विकर करते याविषयी फारशी शंका उरली नव्हती.

तरीही काही बाबी जुळत नव्हत्या. ई. कोलायचे गुणसूत्र सुमारे ४६ लाख आधारजोड्यांचे आहे आणि त्याची प्रतिकृती सुमारे ४० मिनिटांत पूर्ण होते. त्यासाठी प्रत्येक टोकाला सेकंदाला सुमारे एक हजार आधारांचा वेग हवा. कॉर्नबर्ग यांच्या विकराचा वेग त्याच्या मानाने अगदीच कमी होता. दुसरे असे की, हे विकर खराब झालेल्या डीएनएमधील लहान फटी भरून काढण्यात फार कुशल होते. हे गुण दुरुस्ती करणाऱ्याचे, की मूळ बांधकाम करणाऱ्याचे? परखनळीतील प्रयोगांतून याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते.

उत्तर मिळविण्याचा मार्ग तत्त्वतः साधा होता. ज्या जीवाणूत हे विकर नाही असा जीवाणू शोधायचा आणि तो जगतो का ते पाहायचे. केर्न्स व त्यांच्या सहकारी पॉला डी ल्यूशिया यांनी कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे हेच केले. उत्परिवर्तन घडवून आणणारे रसायन वापरून त्यांनी जीवाणूंच्या वसाहती वाढविल्या आणि हजारो वसाहतींचे अर्क एकामागून एक तपासले. अखेरीस असा एक वाण सापडला की ज्याच्या अर्कात कॉर्नबर्ग विकराची क्रिया नेहमीच्या सुमारे एक टक्का किंवा त्याहूनही कमी होती. हा जीवाणू नेहमीच्या वेगाने वाढत होता. मात्र अतिनील किरणांचा मारा त्याला सहन होत नव्हता. डिसेंबर १९६९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संबंधित जनुकाला पोल-ए असे नाव मिळाले आणि त्यात पॉला या नावाचाही ध्वनी असल्याचे सांगितले जाते.

या एका वाणाने दोन गोष्टी केल्या. कॉर्नबर्ग यांचे विकर गुणसूत्राच्या प्रतिकृतीचे प्रमुख विकर नाही, हे त्याने सूचित केले. त्याचबरोबर ज्याच्या अर्कात पूर्वीच्या विकराची गडबड नाही असा जीवाणू त्याने संशोधकांच्या हाती दिला. याच वाणातून १९७० व १९७१ मध्ये आणखी दोन विकरे वेगळी करण्यात आली. त्यांना अनुक्रमे पॉलिमरेज-दोन व पॉलिमरेज-तीन ही नावे मिळाली. या कामात कोलंबिया विद्यापीठातील माल्कम गेफ्टर यांच्यासमवेत आर्थर कॉर्नबर्ग यांचे पुत्र थॉमस कॉर्नबर्ग यांचा प्रमुख वाटा होता.

येथे घाईने निष्कर्ष काढणे मात्र योग्य नाही. पॉलिमरेज-एक हे निरुपयोगी ठरले नाही. डी ल्यूशिया व केर्न्स यांच्या उत्परिवर्तीत या विकराची धागा जोडण्याची क्रिया जवळजवळ नाहीशी झाली होती, परंतु धागा कुरतडण्याची क्रिया बऱ्याच अंशी शिल्लक होती. पुढे असे दिसून आले की, प्रतिकृतीत तुकड्यातुकड्यांनी तयार होणाऱ्या धाग्यातील आरंभीचा आरएनएचा भाग काढून ती जागा भरण्याचे आवश्यक काम पॉलिमरेज-एक करते. म्हणजे उत्परिवर्तीची साक्षसुद्धा त्यात नेमके काय बिघडले आहे हे तपासूनच वाचावी लागते.

३. तापसंवेदी उत्परिवर्ती : अत्यावश्यक जनुकांचा शोध

पोल-ए हे जनुक बिघडले तरी जीवाणू जगला, म्हणून तो सापडला. परंतु ज्या जनुकावाचून प्रतिकृतीच होत नाही त्याचा उत्परिवर्ती मिळवायचा कसा? असा जीवाणू वाढणारच नाही. ही अडचण तापसंवेदी उत्परिवर्तींनी दूर केली. अशा जीवाणूतील बिघडलेले प्रथिन ३० अंश सेल्सिअसला काम करते आणि ४२ अंशांच्या आसपास निकामी होते. कमी तापमानावर वाण जिवंत ठेवायचा आणि तापमान वाढवून प्रतिकृती केव्हा व कशी थांबते ते पाहायचे, अशी ही पद्धत होती.

१९६० च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कोहियामा, हिरोता व झाकोब यांनी तसेच जर्मनीत बोनहोफर यांनी असे अनेक वाण मिळविले. तापमान वाढविताच काहींची प्रतिकृती तत्काळ थांबे, तर काहींमध्ये सुरू असलेली फेरी पूर्ण होई, पण नवी फेरी सुरू होत नसे. पहिल्या गटातील जनुके धागा वाढविण्याशी संबंधित असावीत आणि दुसऱ्या गटातील आरंभाशी, असे अनुमान त्यावरून निघाले. या जनुकांना डीएनए-ए, डीएनए-बी, डीएनए-सी अशी क्रमवार नावे देण्यात आली. त्या वेळी ही केवळ नावे होती. त्यांच्यामागील प्रथिने अज्ञात होती.

१९७१ मध्ये गेफ्टर, हिरोता व सहकाऱ्यांनी या वाणांतील पॉलिमरेज-दोन व पॉलिमरेज-तीन तपासले. डीएनए-ई या जनुकाचे उत्परिवर्तन असलेल्या वाणांतील पॉलिमरेज-तीन उच्च तापमानाला निकामी होत होते. पॉलिमरेज-दोन शाबूत होते. गुणसूत्राच्या प्रतिकृतीचे प्रमुख विकर पॉलिमरेज-तीन हेच होय आणि त्याचे जनुक डीएनए-ई होय, ही गोष्ट अशा रीतीने प्रस्थापित झाली. पेशीत पॉलिमरेज-एकचे शेकडो रेणू असतात, तर पॉलिमरेज-तीनचे मोजकेच. सर्वांत विपुल असलेले विकर प्रथम सापडले आणि सर्वांत महत्त्वाचे नंतर, याचे कारण यातच आहे.

पुढील वर्षांत नावांच्या मागची प्रथिने एकेक करून ओळखली गेली. डीएनए-जी हे आरएनएचा आरंभीचा तुकडा घालणाऱ्या प्रायमेजचे, तर डीएनए-बी हे धागे विलग करणाऱ्या हेलिकेजचे जनुक ठरले. डीएनए-एफ हे मात्र प्रतिकृतीच्या यंत्रणेचे जनुक नव्हतेच. डीएनएसाठी लागणारा कच्चा माल तयार करणाऱ्या विकराचे ते जनुक निघाले. म्हणजे प्रतिकृती थांबली यावरूनही संबंधित प्रथिन तिच्या यंत्रणेतलेच आहे असे ठरत नव्हते. जनुकशास्त्राने मार्ग दाखवावा व रसायनशास्त्राने खात्री करून घ्यावी, अशी ही परस्परपूरक वाटचाल होती.

४. मुंबईतील कार्य

याच काळात मुंबईत जीवाणूंच्या जनुकशास्त्राचे एक केंद्र उभे राहिले. होमी भाभा यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ मध्ये आण्विक जीवशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा ओबेद सिद्दिकी यांच्याकडे आली. सिद्दिकी यांचा जन्म १९३२ मध्ये उत्तर प्रदेशातील बस्ती येथे झाला. अलीगढ येथील शिक्षणानंतर ग्लासगो येथे ग्विदो पॉन्टेकॉर्व्हो यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली. नंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲलन गॅरेन यांच्यासमवेत केलेल्या कामात एका जनुकातील बिघाडाचा परिणाम दुसऱ्या जनुकातील बदलाने झाकला जाऊ शकतो, असे ई. कोलायमध्ये दिसून आले. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम प्रथिनाची बांधणी मध्येच थांबविणाऱ्या उत्परिवर्तनांच्या आकलनातील महत्त्वाचा टप्पा मानले जाते. डी ल्यूशिया व केर्न्स यांना सापडलेले पोल-ए उत्परिवर्तनही याच प्रकारचे होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

मुंबईत सिद्दिकी यांनी हाती घेतलेला विषय संयुग्मनाचा होता. संयुग्मनात दाता जीवाणू आपल्या गुणसूत्राचा धागा ग्राहक जीवाणूकडे पाठवितो. झाकोब, ब्रेनर व क्यूझँ यांनी १९६३ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, दात्यामधील प्रतिकृतीच गुणसूत्राला पुढे ढकलते. प्रतिकृती नसेल तर संक्रमणही नाही, असा त्याचा अर्थ होतो. मग ही प्रतिकृती खरोखर अपरिहार्य आहे काय?

पी. व्ही. सारथी व सिद्दिकी यांनी १९७३ मध्ये आण्विक जीवशास्त्राच्या एका प्रमुख आंतरराष्ट्रीय नियतकालिकात दोन सलग निबंध प्रसिद्ध केले. पहिला निबंध संयुग्मनाचा दात्यातील डीएनए प्रतिकृतीवर होणारा परिणाम तपासतो; दुसरा नेमका वरील प्रश्नच विचारतो. दात्यामध्ये नव्या डीएनएची निर्मिती होत नसतानाही गुणसूत्राचे संक्रमण होऊ शकते, असे उत्तर त्यातून पुढे आले. प्रतिकृती ही ओढणारी शक्ती नसून गेलेल्या धाग्याची जागा भरण्याचे काम आहे, असा त्याचा अर्थ होतो. १९८३ मध्ये संयुग्मन घडविणाऱ्या प्लाझ्मिडवरच धागे उलगडणाऱ्या एका हेलिकेजचे जनुक असल्याचे सिद्ध झाले, तेव्हा हे चित्र अधिक स्पष्ट झाले.

या प्रश्नातून एक कोडे मात्र उरत होते. नॅलिडिक्सिक आम्ल नावाच्या औषधाने जीवाणूंची डीएनए प्रतिकृती थांबते आणि दाता या औषधाला संवेदनशील असेल तर संयुग्मनातील संक्रमणही थांबते, हे १९६० च्या दशकाच्या मध्यापासून माहीत होते. संक्रमणाला नव्या डीएनएची निर्मिती आवश्यक नसेल, तर हे औषध ते का थांबविते? आज मागे वळून पाहता असे म्हणता येईल की, ते औषध धागा जोडणाऱ्या विकरावर नव्हे तर अन्य कशावर तरी आघात करीत असावे, याची ही एक खूण होती. ते अन्य काय हे १९७७ पर्यंत कोणालाही ठाऊक नव्हते.

सिद्दिकी पुढे फळमाशीच्या मज्जासंस्थेच्या जनुकशास्त्राकडे वळले आणि बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे संस्थापक संचालक झाले. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या चरित्रपर लेखनात फळमाशीवरील कामाला साहजिकच अधिक स्थान मिळते. जीवाणूंच्या प्रतिकृतीविषयीचे कोलाब्यातील हे कार्य त्या मानाने दुर्लक्षित राहिले आहे.

५. नॅलिडिक्सिक आम्लापासून जायरेजपर्यंत

नॅलिडिक्सिक आम्लाचा उगम हिवतापावरील क्लोरोक्विन या औषधाच्या निर्मितीशी जोडलेला आहे. त्या प्रक्रियेतील एका उपपदार्थावरून अमेरिकेतील स्टर्लिंग-विन्थ्रॉप कंपनीचे जॉर्ज लेशर व सहकारी यांनी हे संयुग विकसित करून १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. मूत्रमार्गाच्या संसर्गावर ते वापरले जाऊ लागले. १९६४-६५ मध्ये गॉस, डाइट्झ व कुक यांनी हे औषध जीवाणूची डीएनए निर्मिती निवडकपणे थांबविते असे दाखविले. त्याचा नेमका आघात कोणत्या प्रथिनावर होतो हे मात्र समजले नाही.

पुन्हा एकदा उत्परिवर्तींनीच वाट दाखविली. औषध घातलेल्या माध्यमावर कोट्यवधी जीवाणू पसरले की त्यांतील एखाददुसरा वाढतो. असे वाण गोळा करून त्यांच्यातील बदल गुणसूत्रावर कोठे आहे हे १९६९ पर्यंत निश्चित करण्यात आले आणि त्या जागेला नाल-ए हे नाव मिळाले. नकाशावर गाव नोंदले गेले, परंतु तेथे कोण राहते हे अज्ञात, अशी ही स्थिती होती.

१९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्टिन गेलर्ट व सहकारी एका विषाणूच्या डीएनएचा अभ्यास करीत असताना त्यांना एक नवे विकर सापडले. ते डीएनएच्या वर्तुळाला पीळ देत असे. त्यास जायरेज असे नाव दिले गेले. प्रतिकृतीच्या वेळी धागे उलगडत जातात तसतसा पुढील भागात पीळ साठत जातो. दोरीचे दोन पेड झपाट्याने वेगळे करू लागल्यास पुढची दोरी गुंतते, तसाच हा प्रकार होय. जायरेज डीएनएचे दोन्ही धागे क्षणभर कापते, दुसरा भाग त्या फटीतून पलीकडे नेते आणि काप पुन्हा जोडते. त्यामुळे प्रतिकृतीचा मार्ग मोकळा राहतो.

१९७७ मध्ये गेलर्ट यांच्या गटाने आणि शिकागो येथील निकोलस कोझारेली यांच्या गटाने स्वतंत्रपणे असे दाखविले की, नाल-ए जनुकापासून तयार होणारे प्रथिन हे जायरेजचाच एक घटक आहे. औषधरोधी वाणातून घेतलेले जायरेज परखनळीतही नॅलिडिक्सिक आम्लाला दाद देत नव्हते. यानंतर नाल-ए हे जनुक जायर-ए म्हणून ओळखले जाऊ लागले. दुसऱ्या घटकाचे जनुक जायर-बी ठरले.

१९७९ मध्ये क्रॉयझर व कोझारेली यांनी आणखी एक सूक्ष्म भेद दाखवून दिला. जायर-एचा तापसंवेदी उत्परिवर्ती उच्च तापमानाला नेला असता दिसणारा परिणाम आणि नॅलिडिक्सिक आम्लाचा परिणाम हे एकसारखे नव्हते. औषध विकराला केवळ निष्क्रिय करीत असते, तर दोन्ही परिणाम सारखे असायला हवे होते. म्हणून औषध विकराचे विषात रूपांतर करते, असे अनुमान निघाले. जायरेजने केलेला काप जोडला जाण्यापूर्वीच औषध त्याला अडकवून ठेवते आणि तो अडकलेला काप पेशीला मारक ठरतो. फ्लुरोक्विनोलोन औषधांची परिणामकारकता याच यंत्रणेवर आधारलेली आहे.

६. प्रयोगशाळेतून रुग्णालयात

१९८० च्या दशकात नॅलिडिक्सिक आम्लाच्या मूळ रचनेत फ्लोरिनचा अणू समाविष्ट केलेली नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही अधिक प्रभावी औषधे आली. भारतात ती लवकरच सर्वत्र उपलब्ध झाली. ताप, जुलाब, खोकला, लघवीची जळजळ अशा कोणत्याही तक्रारीवर ती दिली जाऊ लागली.

त्याचा पहिला ठळक परिणाम विषमज्वरात दिसला. १९९० च्या सुमारास विषमज्वराचा जीवाणू क्लोरॅम्फेनिकॉलसह जुन्या औषधांना रोधी झाला, तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिन हा मोठा आधार ठरला. दशकाच्या अखेरीस मात्र प्रयोगशाळेचा अहवाल औषध लागू असल्याचे सांगतो आणि रुग्णाचा ताप उतरत नाही, असा अनुभव येऊ लागला. कारण जायर-ए जनुकात होते. त्याच्या ८३ व्या स्थानावरील सेरीन बदलले की नॅलिडिक्सिक आम्ल पूर्णतः निष्प्रभ होते, सिप्रोफ्लॉक्सासिनची शक्ती मात्र अंशतःच घटते. त्यामुळे त्या वेळच्या निकषांत हा जीवाणू संवेदनशील म्हणूनच नोंदला जाई. म्हणून औषध म्हणून मागे पडलेले नॅलिडिक्सिक आम्ल चाचणीची चकती म्हणून प्रयोगशाळेत परत आले. या चकतीने १९६९ च्या नकाशावरील नाल-ए हीच जागा तपासली जात होती.

क्षयरोगात हा प्रश्न अधिक गंभीर आहे. क्षयरोगाच्या जीवाणूच्या एका प्रमाण वाणाचा संपूर्ण जनुकसंच १९९८ मध्ये वाचला गेला. तो सुमारे ४४ लाख आधारजोड्यांचा आहे. त्यातील जनुकांची मोजणी प्रतिकृतीचा आरंभ करणाऱ्या डीएनए-ए या जनुकापासून सुरू होते आणि पाचवे जनुक जायर-बी, तर सहावे जायर-ए आहे. ई. कोलायमध्ये जायरेजच्या जोडीला त्याच कुळातील टोपोआयसोमरेज-चार हे विकर असते व फ्लुरोक्विनोलोन त्यावरही आघात करते. क्षयरोगाच्या जीवाणूत ते नाही. औषधाचे लक्ष्य एकच असल्यामुळे त्या एका लक्ष्यातील एक बदलही पुरेसा ठरतो. १९९४ मध्ये टाकिफ व सहकाऱ्यांनी रोधी वाणांत जायर-एच्या ९० ते ९४ या स्थानांच्या परिसरात बदल आढळत असल्याचे दाखविले. ९४ व्या स्थानी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसीन आणि ९० व्या स्थानी ॲलानिनऐवजी व्हॅलिन हे वारंवार आढळणारे बदल होत. लगतच्या ९५ व्या स्थानी सेरीनऐवजी थ्रिओनिन असणे हा मात्र अनेक वाणांतील नैसर्गिक भेद असून त्याचा औषधरोधाशी संबंध नाही. दोन शेजारच्या अक्षरांपैकी एक रुग्णाचा उपचार बदलते आणि दुसऱ्याला काहीही अर्थ नसतो.

मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या नोंदींवर आधारित व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तेथे तपासलेल्या क्षयरोग जीवाणूंत फ्लुरोक्विनोलोनरोधाचे प्रमाण १९९६ मध्ये ३ टक्के होते, ते २००४ मध्ये ३५ टक्क्यांवर गेले. हे गुंतागुंतीचे रुग्ण येणाऱ्या मोठ्या रुग्णालयातील आकडे असल्याने ते सर्व समाजाला लागू करता येत नाहीत. परंतु वाढीची दिशा स्पष्ट आहे. याच रुग्णालयातील झरीर उदवाडिया, कॅमिला रॉड्रिग्ज व सहकाऱ्यांनी डिसेंबर २०११ मध्ये चार रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांच्या क्षयरोगाचा जीवाणू तपासलेल्या सर्व औषधांना रोधी होता. त्यांनी वापरलेल्या ‘संपूर्ण औषधरोधी’ या संज्ञेवर शासनाने व जागतिक आरोग्य संघटनेने आक्षेप घेतला. संज्ञेविषयी मतभेद असले तरी मे २०१२ मध्ये क्षयरोग हा शासनास कळविणे बंधनकारक असलेला रोग ठरला, ही या काळातील महत्त्वाची घटना होय.

असे रुग्ण कसे निर्माण झाले याचे एक उत्तर उदवाडिया, पिंटो व उपळेकर यांच्या २०१० मधील अभ्यासात मिळते. मुंबईतील १०६ खाजगी डॉक्टरांना क्षयरोगाच्या उपचाराची चिठ्ठी लिहावयास सांगितली असता त्यांनी ६३ निरनिराळ्या उपचारपद्धती लिहिल्या आणि योग्य चिठ्ठी केवळ सहा जणांची होती.

२०१४ ते २०१६ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात क्षयरोग्यांपैकी ६.१९ टक्के रुग्णांत बहुऔषधरोध आढळला. त्या बहुऔषधरोधी रुग्णांपैकी २१.८२ टक्क्यांत फ्लुरोक्विनोलोनरोधही होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार रिफाम्पिसिनरोधी क्षयरोगात फ्लुरोक्विनोलोनरोधाची भर पडली की रोगाचा वर्गच बदलतो. २०२४ मध्ये भारताने मान्यता दिलेल्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारात बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड व लिनेझोलिड यांच्यासह मॉक्सिफ्लॉक्सासिन हे चौथे औषध आहे. ते उपयोगी पडेल किंवा नाही हे जायरेजच्या जनुकांवरून ठरते.

आज क्षयरोगाच्या संदर्भ प्रयोगशाळांत, ज्यांपैकी महाराष्ट्रातील राज्यस्तरीय प्रयोगशाळा पुणे व नागपूर येथे आहेत, रुग्णाच्या बेडक्यातील जीवाणूचे डीएनए एका पट्टीवर तपासले जाते. पट्टीवरील रेषांत जायर-ए व जायर-बी या जनुकांच्या रेषा असतात. अपेक्षित रेष उमटली नाही किंवा उत्परिवर्तनाची रेष उमटली, तर रोधाचे निदान होते. विदर्भातील एखाद्या खेड्यातील रुग्णाला कोणती औषधे द्यावयाची हे त्यावरून काही दिवसांत ठरविता येते. जीवाणू वाढवून निर्णय घ्यावयाचा तर कित्येक आठवडे जातात.

७. चर्चा

वरील इतिहासातील दोन प्रकारचे उत्परिवर्ती एकमेकांसमोर ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. केर्न्स, हिरोता किंवा सिद्दिकी यांच्या प्रयोगशाळांतील उत्परिवर्ती जाणीवपूर्वक मिळविलेले होते. त्यांनी पेशीविषयीचे ज्ञान वाढविले. रुग्णांच्या फुप्फुसांतील उत्परिवर्ती कोणीही हेतुपूर्वक निर्माण केले नाहीत; परंतु त्यांची निवड होण्याची पद्धत तीच आहे. क्षयरोगाच्या एका पोकळीत कोट्यवधी जीवाणू असतात. प्रतिकृतीचे विकर कितीही काटेकोर असले तरी त्याच्या हातून क्वचित चूक होते आणि त्यामुळे औषध देण्यापूर्वीच त्या कोट्यवधींत एखादा रोधी जीवाणू असू शकतो. एकच प्रभावी औषध दिले, अपुरे दिले किंवा मध्येच थांबविले, की इतर जीवाणू मरतात व तो एक वाढतो. संशोधक औषधयुक्त माध्यमावर जे घडवितो, तेच चुकीची चिठ्ठी रुग्णाच्या शरीरात घडविते.

क्षयरोगाच्या जीवाणूत डीएनए-ई-दोन नावाचे आणखी एक पॉलिमरेज आहे. डीएनएला इजा झाली असता ते कार्यरत होते व त्याच्या कामात चुका अधिक होतात, असे २००३ मध्ये दाखविण्यात आले. म्हणजे प्रतिकृतीच्या विकरांचा अभ्यास रोध ओळखण्यासाठी जसा उपयोगी आहे, तसाच तो कसा उद्भवतो हे समजण्यासाठीही आवश्यक आहे.

आणखी एक मुद्दा उपचारपद्धतीशी निगडित आहे. निदान न करता दीर्घकाळच्या खोकल्यावर फ्लुरोक्विनोलोन दिल्यास क्षयरोगाची लक्षणे तात्पुरती दबतात, निदान लांबते आणि जायर-एच्या रोधी उत्परिवर्तींना वाव मिळतो. हे औषध क्षयरोगाच्या कठीण रुग्णांसाठी राखून ठेवणे ही सार्वजनिक आरोग्याची गरज आहे.

८. निष्कर्ष

१) पॉलिमरेज-एकच्या उदाहरणावरून दिसते की, परखनळीतील क्रिया हा पेशीतील कार्याचा पुरावा होत नाही; तो उत्परिवर्तीच्या परीक्षणाने पूर्ण होतो.

२) उत्परिवर्तीची साक्षही सूक्ष्मपणे वाचावी लागते. पोल-एमधील अंशतः बिघाड, डीएनए-एफचे वेगळे कार्य आणि जायर-एमधील ९५ व्या स्थानाचा निरुपद्रवी भेद ही त्याची उदाहरणे होत.

३) मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७३ पर्यंत झालेले संयुग्मन व प्रतिकृतीविषयीचे कार्य हे या जागतिक संशोधनाचा भाग होते. पदवी व पदव्युत्तर अध्यापनात त्याचा उल्लेख होणे उचित ठरेल.

४) १९६९ मध्ये केवळ नकाशावरील एक जागा असलेले नाल-ए हे जनुक आज क्षयरोगाच्या वर्गीकरणाचा व उपचाराचा आधार बनले आहे. तत्काळ उपयोग न दिसणाऱ्या मूलभूत संशोधनाला निधी का द्यावा, या नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे हे एक ठोस उत्तर आहे.

५) औषधरोधी क्षयरोग ही केवळ जीवाणूची करामत नाही. प्रतिकृतीतील चूक निसर्गतः घडते. तिला वाढण्याची संधी मात्र उपचारातील बेशिस्त देते. चाचणीची पट्टी रोध ओळखते, तो टाळत नाही. टाळण्याचे काम चिठ्ठी लिहिणाऱ्याचे, औषध विकणाऱ्याचे आणि या विषयाचे शिक्षण देणाऱ्या आपल्यासारख्या अध्यापकांचेही आहे.